घासून काढलेला गंज सकाळी पुन्हा हजर: जुन्या इंजिनच्या भागांवर परत परत येणारा तांबूस थर

बाबांची ३५० ची बुलेट सात वर्षं नागपुरात महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या वर्षी मे महिन्यात ती उघडायला घेतली. हेड काढलं, बिडाचा सिलेंडर बाहेर काढला. फिन्सच्या, म्हणजे सिलेंडर गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांच्या, मधे गंजाचे पापुद्रे, बाकी सगळीकडे बोटाला लागेल अशी तांबूस पूड. वायर ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन अख्खी दुपार घासलं, नळाच्या पाण्यानं धुतलं, सुती कापडानं पुसलं आणि खोलीतल्या टेबलावर ठेवून दिलं. सकाळी पाहतो तर हळदीचं बोट फिरवावं तसा पातळ थर सगळ्या सिलेंडरवर. पुन्हा घासलं, पुन्हा आला. तिसऱ्यांदा लिंबू सताच्या पाण्यात बुडवून काढलं, तेव्हा तर दोन तासही धीर धरला नाही त्यानं.

इतवारीत लेथचं काम करणारे एक मिस्त्रीकाका आहेत. सिलेंडर घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "जंग काढून राहिला तू, पण पाणी कुठं काढून राहिला?"

माझी सगळी चूक या एका वाक्यात होती. गंज काढायचे उपाय दहा आहेत आणि त्यातले बहुतेक चालतात. परत येतो तो काढल्यानंतरच्या पहिल्या तासामुळे. घासलेलं किंवा आम्लातून काढलेलं लोखंड अगदी उघडं असतं. त्यावर ना तेल, ना रंग, ना जुन्या ऑक्साइडचा थर. त्याला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र मिळाले की मिनिटांत सुरुवात होते.

आता प्रश्न असा, की मे महिन्यात नागपुरात पाणी येतं कुठून? या दिवसांत गच्चीवर घातलेल्या कुरडया एका दिवसात कडक होतात, धुतलेली चादर अर्ध्या तासात वाळते. दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. लोखंडावर गंज चढायचा वेग वाढतो तो आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की. म्हणजे आपल्या मे महिन्यात लोखंड मजेत राहायला हवं.

उत्तर त्याच खोलीत खिडकीला लावलेलं होतं. कूलर.

कूलर हवा गार करतो तो तिच्यात पाणी मिसळूनच. बाहेर कितीही कोरडं असो, कूलरच्या झोतातली हवा दमट असते. दुसरी गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. टाकीतलं पाणी दिवसभर उडून जातं, क्षार मात्र मागेच राहतात, आणि आपण वरून रोज नवं पाणी भरत जातो. आठवड्याभरात ते पाणी चांगलंच क्षारयुक्त होतं, बोअरचं असेल तर फारच. झोताबरोबर त्याचे बारीक तुषार उडतात. टेबलावर, फरशीवर पांढरे ठिपके दिसतात ना, ते हेच. लोखंडाला क्षाराचं पाणी म्हणजे गंजाला आमंत्रण.

खात्री करायची म्हणून एकाच मापाचे दोन बोल्ट कोरड्या पेपरनं घासून स्वच्छ केले. पाणी लावलंच नाही. एक कूलरसमोर ठेवला, दुसरा मागच्या पडवीत, सावलीत. रात्रभरात कूलरसमोरचा तांबूस झाला, पडवीतला तसाच राहिला. तुमच्याकडे कारण समजत नसेल तर हा प्रयोग आधी करा. एक रात्र जाते, पण पुढचे आठ दिवस वाचतात.

परत आलेला गंज कसा दिसतो ते आधी पाहा

पुन्हा ब्रश उचलण्याआधी दोन मिनिटं थांबून भाग उजेडात धरा. गंज कसा आणि कुठे आला आहे, त्यावरून कारण बऱ्यापैकी कळतं.

सगळीकडे सारखा, पातळ, केशरी, आणि धुतल्यानंतर काही मिनिटांत किंवा तासांत आलेला: भाग ओला असताना सावकाश वाळला. हा सगळ्यात सोपा रोग. बारीक स्टील वूल आणि घासलेटनं पुसून निघतो, पुन्हा आम्लात घालायची गरज नसते.

आट्यांमधून, फटींतून, भोकांच्या तोंडाशी चार-आठ दिवसांनी ओघळ आल्यासारखा, कधी पिवळसर चिकट: आत आम्ल राहिलंय. नुसत्या पाण्यानं धुऊन ते निघालेलं नाही. हा भाग खायच्या सोड्याच्या पाण्यात घातल्याशिवाय गंज थांबणार नाही.

बोटांच्या आकाराचे डाग: घाम. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तळहात कोरडा असतो असं कुणी म्हणू नये. घामात मीठ असतं, आणि घासून चकचकीत केलेल्या भागावर अंगठ्याचा ठसा दुसऱ्या दिवशी जशाच्या तसा गंजून उठतो. माझ्या रॉकर शाफ्टवर तो आला. तेव्हापासून स्वच्छ केलेला भाग हातमोज्याशिवाय उचलत नाही.

त्याच त्या जुन्या जागी टिंब टिंब: खड्ड्यांच्या तळाशी गंज शिल्लक आहे. वरून चकाकी आली म्हणून आपण थांबलो.

आणि कपाटातले न घासलेले पाने, पक्कडसुद्धा एकदम गंजायला लागले असतील, तर खोलीत संडास धुण्याचं अॅसिड वापरलंय का ते आठवा. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. गंज झपाट्यानं काढतं, त्यामुळे पुष्कळ जण त्याचा सल्ला देतात. पण त्याची वाफ खोलीभर पसरते आणि समोर येईल त्या लोखंडावर बसते. भागाच्या सच्छिद्र पृष्ठभागात क्लोराइड राहतं ते वेगळंच, आणि ते गंजाला पुन्हा पुन्हा चालना देतं. इंजिनच्या भागांना ते लावू नका, असं मी ठामपणे सांगतो. सिलेंडरला नाही, बोल्टला नाही, कशालाच नाही.

बोल्टवरून आणखी एक. पुष्कळ नट-बोल्टांवर जस्ताचा मुलामा असतो, पांढरा किंवा पिवळसर. कोणत्याही आम्लात टाकले की गंजाबरोबर तो मुलामाही जातो. बाहेर आलेले बोल्ट करडे, स्वच्छ दिसतात आणि पहिल्याच पावसात मुलामा नसलेले म्हणून पहिल्यापेक्षा जोरात गंजतात. यात धुण्यात काही चुकलेलं नसतं. असे बोल्ट पुन्हा मुलामा करून घ्यावेत किंवा सरळ बदलावेत.

काय घासायचं, काय बाजूला ठेवायचं

वरवरचा गंज आणि आत खाल्लेला गंज यांत फरक नखानं करता येतो. पूड पुसली आणि नख सरळ सरकलं तर वरवरचा. नख खड्ड्यात अडकलं तर धातू गेलेला आहे, तो कोणत्याही रसायनानं परत येत नाही. फिन्सवर, साइड स्टँडवर असे खड्डे असले तरी चालतात. व्हॉल्व्ह स्प्रिंगवर, कनेक्टिंग रॉडवर, बेअरिंगच्या रोलरवर चालत नाहीत. स्प्रिंग मिनिटाला हजारो वेळा दबते, तिथला बारीक खड्डा म्हणजे तडा जायची जागा. गंजलेलं बेअरिंग स्वच्छ करून लावलं तर थोड्याच दिवसांत घरघर सुरू होईल. हे तीन भाग वाचवायचा मोह धरू नका, नवे घ्या.

अॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज लागत नाही, पांढरी भुकटी येते. हेड, क्रँककेस, कार्बोरेटर यांतलं काहीही लिंबू सताच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं नाही. त्या सोड्यात अॅल्युमिनियम काळं पडतं आणि खाल्लं जातं. सिलेंडरमध्ये, बुशमध्ये दुसऱ्या धातूचा तुकडा अडकलेला नाही ना, हे चुंबक फिरवून पाहा.

त्यानंतर तेलकटपणा. हे टाळलं तर आम्ल फक्त तेल नसलेल्या जागी काम करतं आणि भाग चित्त्यासारखा ठिपकेदार निघतो. डिझेल किंवा घासलेटमध्ये ब्रशनं धुवा, मग भांड्यांच्या साबणानं गरम पाण्यात. पाणी सगळीकडे सारखं पसरलं, थेंब जमले नाहीत, की तेल गेलं असं समजा.

मी आता काय वापरतो

हलक्या गंजाला आधी घासलेट आणि अगदी बारीक स्टील वूल. निम्मे भाग एवढ्यानेच होतात, आणि पाण्याचा संबंधच येत नसल्यामुळे तिथे परत येण्याचा प्रश्नही कमी. लोक हा साधा उपाय सोडून थेट रसायनाकडे का धावतात, ते मला कळत नाही.

त्यानं झालं नाही तर लिंबू सत, म्हणजे सायट्रिक आम्ल. किराणा ओळीत, म्हणजे किराणा मालाच्या बाजारात, सुटं मिळतं. ५ लिटर पाण्याला २५० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात, पाणी हाताला गरम लागेल इतपत. भाग पूर्ण बुडला पाहिजे. अर्धा बाहेर राहिला तर पाण्याच्या रेषेवर चर पडल्यासारखी खूण उमटते आणि ती जात नाही. दर अर्ध्या तासानं बाहेर काढून ब्रश मारायचा. हलका गंज एक-दोन तासांत सुटतो, जाड असेल तर चार. रात्रभर ठेवून झोपायचं नाही. गंज संपला की आम्ल लोखंडाकडे वळतं, आणि ते ओळखायची खूण म्हणजे स्वच्छ धातूवरून उठणारे बारीक बुडबुडे.

बिडाच्या भागांवर एक काळा थर येतो. मी तो पाहून घाबरलो होतो, भाग जळला की काय असं वाटलं. बिडात कार्बन ग्राफाइटच्या रूपात असतो. आजूबाजूचं लोखंड आम्लानं थोडं विरघळलं की तो काजळीसारखा वर राहतो. वाहत्या पाण्याखाली नायलॉनच्या ब्रशनं निघतो. थर जास्त जाड येत असेल तर तुम्ही भाग गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवताय.

मोठ्या, अवघड आकाराच्या भागांना विजेची पद्धत. काटोलकडे संत्र्याच्या बागेतलं एका नातेवाइकांचं जुनं ऑइल इंजिन आहे, त्याचा फ्लायव्हील आणि हॉपर (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची टाकी) आम्ही असाच स्वच्छ केला. प्लास्टिकच्या ड्रममध्ये १० लिटर पाण्याला साधारण ५० ग्रॅम धुण्याचा सोडा. १२ व्होल्टच्या चार्जरची काळी, म्हणजे ऋण तार भागाला. लाल तार साध्या लोखंडी पत्र्याला, आणि हा पत्रा भागाला टेकू द्यायचा नाही. उलट जोडलं तर गंज काढायच्या ऐवजी भागच खाल्ला जाईल, म्हणून चालू करण्याआधी दोनदा बघा. पत्र्याच्या समोर असलेली बाजू आधी साफ होते, म्हणून भाग फिरवत राहावा लागतो. या पद्धतीची मोठी खुबी अशी, की चांगल्या लोखंडाला ती हात लावत नाही, त्यामुळे जास्त वेळ राहिलं तरी भाग बिघडत नाही.

यात तीन गोष्टींवर तडजोड नाही. स्टेनलेस स्टीलचा पत्रा वापरायचा नाही, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ टाकायचं नाही, क्लोरीन वायू तयार होतो. आणि काम उघड्यावर करायचं, कारण भागावरून उठणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात. जवळ विडी-काडी नको, आणि तारेचा चिमटा भागावरून काढताना आधी चार्जर बंद. कडक स्टीलच्या स्प्रिंग आणि जास्त ताण घेणारे बोल्ट या पद्धतीत किंवा आम्लात घालू नका. हायड्रोजन धातूत शिरून त्यांना ठिसूळ करतो.

घाई नसेल आणि शेतावर जागा असेल तर काकवीही चालते. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, आणि दोन-तीन आठवडे झाकून ठेवायचं. गंज खरंच सुटतो. पण वास सुटतो, माश्या येतात, शहरातल्या घरात शेजारी बोलतील. वरचेवर लागणाऱ्या छोट्या भागांसाठी मी तिच्या वाटेला जात नाही.

पहिला तास

इथे माझं सगळं गणित बदललं, म्हणून हे नीट सांगतो.

आम्लातून भाग काढण्याआधी चार गोष्टी तयार ठेवायच्या: खायचा सोडा घातलेलं पाणी (लिटरला एक मोठा चमचा); मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी (शक्यतो फिल्टरचं, बोअरचं नकोच); तेलाचा डबा आणि ब्रश; स्वच्छ सुती कापड. यातलं एक जरी शोधायला गेलात तर तेवढ्यात थर येतो. कूलर बंद. पंखा चालेल.

भाग आम्लातून थेट सोड्याच्या पाण्यात. फसफसतं ते थांबेपर्यंत हलवायचं, आट्या आणि भोकं पिचकारीनं धुवायची. बुलेटच्या सिलेंडरमध्ये पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, वर जातात ती बोगद्यासारखी पोकळी असते. माझ्याकडे आम्ल तिथेच राहत होतं, वरून कितीही धुतलं तरी. तिथून मग ओघळ यायचा.

सोड्यातून उकळत्या पाण्यात, पाच मिनिटं. याचं कारण धुणं नव्हे, तापवणं. जड लोखंड उष्णता धरून ठेवतं. वाकड्या तारेनं उचलून बाहेर काढलं की अंगावरचं पाणी मिनिटाभरात आपोआप उडतं, फटींतलंसुद्धा, जिथे कापड कधीच पोचत नाही. थंड पाण्यानं धुतलेला भाग सावकाश वाळतो आणि त्या वाळण्यातच गंजतो. मे महिन्यात दुपारी दोनच्या उन्हात गच्चीवर ठेवला तरी जवळपास हेच साधतं. जुलैत मात्र ऊन मिळेल याचा भरवसा नाही, तेव्हा पातेलंच, आणि वरून केस वाळवायचा ड्रायर.

भाग हाताला चटका बसेल इतका गरम असतानाच तेल लावायचं. गरम धातूवर तेल पातळ होऊन बारीक छिद्रांत उतरतं. साधं इंजिन ऑइल पुरतं. डब्ल्यूडी-४० चा फवारा पाणी हटवायला उत्तम, पण त्याचा थर पातळ असतो आणि फार दिवस टिकत नाही. त्याच्या भरवशावर भाग महिनाभर ठेवला तर पुन्हा पहिल्या पायरीवर याल. महिन्याहून जास्त ठेवायचं असेल तर तेलावर ग्रीसचा हात.

सिलेंडरचा बोअर वेगळा

बोअरच्या, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो त्या पोकळीच्या, आतल्या भिंतीला मी पॉलिश पेपर लावत नाही. हलका डाग घासलेट आणि मऊ पॅडनं जातो. नखाला खड्डा लागला तर लेथवाल्याकडे मोजून घ्या, बहुतेक वेळा बोअर करून पुढच्या साइजचा पिस्टन टाकावा लागतो. होनिंग (बोअरची भिंत बारीक दगडानं घासून घेणं) झाल्यावर बोअर घासलेटनं धुऊन थांबू नका. दगडाची बारीक कण घासलेटमध्ये सुटत नाही, ती गरम पाणी, साबण आणि ब्रशनंच निघते. पांढरं कापड फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवा. राहिलेली कण पिस्टन रिंगांना खाते.

आणि इथे तोच पेच पुन्हा उभा राहतो: ताजा होन केलेला बोअर पाणी पाहताच गंजतो. म्हणून दुसऱ्या माणसाला तेलाचं कापड घेऊन शेजारी उभं करा. माझी बहीण उभी राहिली होती. मी शेवटचं पाणी ओतलं, पुसलं, आणि लगेच तिनं तेलाचं कापड आत फिरवलं. एकट्यानं तो वेग जमत नाही.

बाहेरच्या फिन्सना तेल कायमचं नाही, तिथे उष्णता सोसणारा काळा रंग. रंगाआधी तेलाचा अंश थिनरनं पूर्ण काढायचा आणि त्याच दिवशी रंगवायचं. थर पातळ द्या, जाड थर फुगतो. असा रंग इंजिन चार-दोनदा तापल्यावरच पक्का बसतो, त्याआधी पेट्रोल सांडू देऊ नका.

पावसाळ्यातली ठेवण

जून ते सप्टेंबर नागपुरात वर्षातला बहुतेक पाऊस पडतो, आणि कूलरशिवायसुद्धा घरातली हवा दमट असते. भाग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवले तर आतली ओल आतच राहते आणि पहाटे गार धातूवर दव धरते. गोणपाटही ओल खेचतं. मी तेल लावलेले भाग तेलकट कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. दर पंधरा दिवसांनी उघडून पाहतो.

जोडलेल्या इंजिनबाबत एक सवय सोडा. पावसाळ्यात गाडी "जिवंत राहावी" म्हणून दर रविवारी दोन मिनिटं चालू करून बंद करायची, हे मीही करायचो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापले तर ते बाहेर जातं, नाहीतर आत थंड होऊन बसतं. चालू करायचीच असेल तर शहराच्या टोकाला असलेल्या वाडीपर्यंत एक चक्कर मारून या. नाहीतर प्लग काढून बोअरमध्ये दोन चमचे ऑइल घाला, प्लगची तार बाजूला ठेवून चार किक मारा, आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी पिस्टन आणून सोडून द्या.

माझ्या सिलेंडरनं एक पावसाळा काढला. बाकी सगळा स्वच्छ आहे, पण खालून दुसऱ्या फिनच्या मुळाशी, जिथे ब्रश तिरका धरावा लागतो, तिथे रंगाखालून एक तांबूस टिंब पुन्हा वर आलंय. खड्डा खोल आहे आणि तळ साफ झालेला नव्हता. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेवढीच जागा दातांच्या डॉक्टरकडे असते तशा बारीक टोकाच्या हत्यारानं खरवडून, फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक काडीनं लावून, पुन्हा रंगवणार आहे.